आईच्या खोलीतील भिंतीतून येणारा ठकठक आवाज : कारण शोधण्यासाठी मदत हवी आहे

कृष्णाकाठ | १० डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या दुमजली घराच्या एका भिंतीतून दिवाळीच्या सुमारास एक आवाज येऊ लागला असून त्याचे कारण अद्याप आम्हाला सापडलेले नाही. वरच्या मजल्यावर माझी आई एकटी राहते, तिचे वय ७६ आहे. खालचा मजला एका नोकरदार तरुणाला भाड्याने दिलेला आहे. मी पुण्यात असते आणि महिन्यातून दोनदा घरी जाते.

आवाज आईच्या पलंगाच्या उशाकडील भिंतीतून येतो. लाकडी पाटावर अडकित्त्याची मूठ हलकेच आपटावी तसा तो कोरडा आणि टणक आहे. पहिले काही ठोके लवकर लवकर पडतात, मग त्यांच्यातील अंतर वाढत जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत सर्व शांत होते. थोड्या वेळाने काही ठोके पुन्हा ऐकू येतात. भिंत नऊ इंची विटांची असून तिच्या पलीकडे आईचे न्हाणीघर आहे. पहिला संशय नळांवरच आला होता, म्हणून एका रात्री आम्ही वरच्या मजल्यावरील सर्व नळ आणि कॉक बंद ठेवले. तरीही आवाज आला. त्यामुळे पाण्याचा संबंध नाही असे आम्ही धरून चाललो आहोत.

बाबांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. भावाला वाटते की आईला भास होतात. शेजारच्या काकूंनी शांत करून घेण्याचा सल्ला दिला. मागच्या शनिवारी सकाळी मी स्वतः तो आवाज ऐकला, तेव्हा आईचा चेहरा पाहिल्यावर मला फार वाईट वाटले. इतके दिवस ती हेच सांगत होती आणि आम्ही सगळे तिची समजूत घालत होतो. आता ती दिवाणखान्यात झोपते. भिंत फोडण्याची माझी तयारी आहे, पण कुठे फोडावी हे कळत नाही.

कर्णिका | १० डिसेंबर, रात्री १०.२५

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. कानातील आवाज आणि बाहेरचा आवाज यांत भेद करण्याची एक सोपी रीत आहे. कानात उमटणारा आवाज माणसाबरोबर खोल्या बदलतो, बाहेरचा आवाज जागच्या जागी राहतो. आपल्या आई दिवाणखान्यात गेल्यावर त्यांना तो ऐकू येत नसेल आणि आपणही तो ऐकला असेल, तर भासाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय वयोमानाने कमी होते ते प्रामुख्याने उंच पट्टीचे ऐकणे. भिंतीतील असा ठोका मध्यम किंवा खालच्या पट्टीचा असतो आणि तो ७६व्या वर्षीही उत्तम ऐकू येऊ शकतो. हे आपल्या भावाला अवश्य सांगावे.

गवंडीकाका | ११ डिसेंबर, सकाळी ७.०५

मी बांधकामावर ३८ वर्षे पर्यवेक्षक म्हणून काम केले. माझी पहिली विनंती अशी, की छन्नी-हातोडा सध्या लांबच ठेवावा.

जेथे आवाज ऐकू येतो तेथेच तो निर्माण होतो असे भिंतीच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये तो ३००० मीटरांहूनही अधिक वेगाने धावतो. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो आणि त्यावरून आपण दिशा ओळखतो. ठोका मात्र विटा, स्लॅब आणि तुळई यांतून क्षणात पसरतो व भिंतीचा मोठा भाग एकाच वेळी थरथरतो, म्हणून कान फसतो. माणूस पलंगावर पडलेला असला की त्याला आवाज उशाशीच वाटतो. मी पाहिलेल्या एका घरात आवाज स्वयंपाकघरात यायचा आणि मूळ सापडले जिन्याखाली.

म्हणून जागेच्या आधी वेळ शोधावी. आवाज किती वाजता सुरू झाला, किती वेळ चालला, त्या दिवशी ऊन होते की आभाळ, घरात आणि शेजारी काय चालू होते, हे सर्व किमान दोन आठवडे लिहून ठेवावे. आणि ऑक्टोबरच्या सुमारास घरात कोणतेही काम झाले असेल, अगदी खिळा ठोकला असेल, तरी तेही आठवून लिहावे.

हिमपुष्प | ११ डिसेंबर, सकाळी ८.५०

टोरोंटोमध्ये आमच्या घराच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते लावून केलेल्या असतात आणि आतील पोकळीत उंदीर सर्रास शिरतात, त्यामुळे येथे पहिला संशय त्यांच्यावरच जातो. आपली भिंत भरीव विटांची असल्याने डक्ट किंवा मोठी झिरी असल्याशिवाय उंदराला आत जागाच मिळणार नाही. शिवाय उंदीर खरडतो, पळतो, थांबतो. क्रमाने विरळ होत जाणारे ठोके तो देणार नाही.

निवृत्त जोडारी | ११ डिसेंबर, दुपारी १.१५

नळांविषयी थोडे सांगतो, कारण पाण्याचा संबंध नाही हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

नळातील पाण्याचे आवाज दोन प्रकारचे असतात. वाहते पाणी एकदम अडले की नळाला धक्का बसतो आणि एकच मोठा 'धाड' असा आवाज होतो, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळात क्षणात थांबले, तर दाब सुमारे १२ बारने वाढू शकतो. प्लॅस्टिकचा नळ थोडा फुगत असल्याने त्यात हा धक्का बराच कमी बसतो. पंप बंद होताच नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) आपटला तरी असाच दणका ऐकू येतो. तो आवाज आपला नाही, कारण आपल्याकडे ठोके अनेक आहेत आणि ते हळूहळू विरळ होतात.

दुसरा प्रकार गरम पाण्याचा. नळ तापला की लांब होतो. त्याला भिंतीत सरकायला जागा नसेल, तर तो अडून राहतो, ताण साठतो आणि मग एकदम केसभर सरकतो. त्या सरकण्याचा ठोका पडतो. नळ वेगाने तापत असताना ठोके भराभर पडतात, तापणे मंदावले की विरळ होतात, आणि नंतर थंड होताना पुन्हा काही ठोके पडतात. आपण केलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. घरात सौरबंब आहे का? गरम पाण्याचे नळ कसले आहेत आणि ते कुठून खाली उतरतात?

देवगडकर | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

काकांनी सांगितलेले वेळेचे महत्त्व मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या जांभ्याच्या घरात एका भिंतीतून बारीक गुणगुण येत असे. विजेच्या तारेचा दोष असेल म्हणून मेन स्विच बंद करूनही ती थांबली नाही. वहिनीने आठ दिवस नोंद ठेवली, तेव्हा कळले की सकाळी ऊन भिंतीवर आले की गुणगुण वाढते आणि तिन्हीसांजेनंतर मंदावते. भिंतीवर तळहात ठेवला तर एक भाग कोमट लागत होता. पागोळीखालच्या दोन चिऱ्यांमधील दर्जा (सांध्यातील भरण) निघाली होती आणि त्या फटीतून सातेरी मधमाश्यांची ये-जा चालू होती. सातेरी अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते आणि पिलाव्याभोवतीची (अंडी-अळ्यांभोवतीची) ऊब ३५ अंशांच्या आसपास राखते, त्यामुळे तो दगड कोमट लागत होता. औषध मारण्याचा सल्ला अनेकांनी दिला, तो आम्ही मानला नाही. जाणकार मधपाळाने एका संध्याकाळी दोन चिरे काढून पोळी पेटीत बसवली आणि वसाहत बागेत हलवली.

तारतम्य | १२ डिसेंबर, सकाळी ११.००

मी विजेचे काम करतो. वाचणाऱ्या सर्वांसाठी एक इशारा. भिंतीतून किंवा स्विचबोर्डमधून तडतड आवाज येत असेल, जळका वास येत असेल किंवा बोर्ड गरम लागत असेल, तर नोंदी ठेवत बसू नये. मेन स्विच त्वरित बंद करून जाणकारास बोलवावे. सैल जोडणीत ठिणग्या पडतात आणि त्यातून आग लागू शकते. कृष्णाकाठ यांचा आवाज तसा दिसत नाही, तरीही त्या भिंतीतील बोर्ड एकदा उघडून पाहावेत.

कृष्णाकाठ | १३ डिसेंबर, रात्री १०.१०

सर्वांचे मनापासून आभार. आज मी साताऱ्यात आहे. बोर्ड तपासून घेतले, सर्व ठीक आहेत. आता सांगते ती गोष्ट लिहिताना मला भरून येत आहे.

नोंदी ठेवाव्या लागतील असे मी आईला म्हणाले, तेव्हा तिने स्वयंपाकघरातील दिनदर्शिका काढून माझ्या हातात दिली. दूध आणि गॅस सिलिंडर यांच्या नोंदींखाली १७ नोव्हेंबरपासून प्रत्येक चौकोनात तिने पेन्सिलीने आवाजाची वेळ बारीक अक्षरांत लिहून ठेवली आहे. आम्ही विश्वास ठेवत नव्हतो म्हणून तिने ती कोणाला दाखवली नव्हती. जशीच्या तशी देते.

१७ ते २२ नोव्हेंबर : रोज पहाटे साडेपाच ते पावणेसहा. २३ : सकाळी सव्वानऊ.
२४ आणि २५ नोव्हेंबर : रात्री पावणेबारा. २६ आणि २७ : काही नाही, 'दिवसभर ढग' असा शेरा. २८ आणि २९ : पुन्हा रात्री पावणेबारा. ३० : सकाळी साडेनऊ.
१ ते ६ डिसेंबर : सकाळी पावणेआठ. ७ : सकाळी नऊ.
८ डिसेंबरपासून आजपर्यंत : पुन्हा पहाटे साडेपाच.

निवृत्त जोडारी यांच्या प्रश्नांची उत्तरे : गच्चीवर नळ्यांचा सौरबंब आहे. त्यापासून दोन्ही मजल्यांना गच्चीवरूनच स्वतंत्र नळ काढलेले आहेत. खालच्या मजल्याच्या लोखंडी नळातून गंजाचे पाणी येत असल्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो बदलून पिवळसर सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीच्या प्लॅस्टिकचा) नळ टाकला. काम सुरू असताना मी तेथे नव्हते आणि हा नळ वरच्या मजल्यावर कोणत्या भिंतीतून जातो हे आईलाही सांगता आले नाही.

तिसरी पाळी | १३ डिसेंबर, रात्री ११.५५

मी चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. आपल्या आईंची नोंद वाचताच मला माझा स्वतःचाच दिनक्रम दिसला. एक आठवडा पहाटे साडेपाच म्हणजे पहिल्या पाळीला जाण्यापूर्वीची अंघोळ. पुढचा आठवडा रात्री पावणेबारा म्हणजे दुसरी पाळी सुटून घरी आल्यावर. त्यानंतर सकाळी पावणेआठ म्हणजे रात्रपाळी करून परतल्यावर. रविवारी सुट्टी, म्हणून नऊनंतर. चौथ्या आठवड्यात चक्र पुन्हा पहिल्यापासून. आपले भाडेकरू पाळीत काम करतात का, हे कृपया विचारावे.

निवृत्त जोडारी | १४ डिसेंबर, सकाळी ६.२०

तिसरी पाळी यांनी नेमके ओळखले आहे आणि ढगाळ दिवसांच्या नोंदीने माझी खात्री झाली. ऊन नसले की सौरबंबाचे पाणी गरम होत नाही आणि नळ लांबत नाही. वरचे नळ बंद केल्यावरही आवाज का येत होता, हेही आता उलगडते : आपण आपला नळ बंद केला होता, भिंतीतून जाणारा खालच्या मजल्याचा नळ चालूच होता.

हिशेब असा. सीपीव्हीसीचा १ मीटर नळ दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर वाढतो. हिवाळ्याच्या पहाटे भिंतीतील नळ २० अंशांवर आणि बंबातील पाणी ६० अंशांवर असेल, तर ४० अंशांच्या फरकाने ३ मीटर नळ सात ते आठ मिलिमीटर लांब होतो. तोच नळ लोखंडी असता तर दीड मिलिमीटरही वाढला नसता. जुन्या झिरीत जुन्याच पद्धतीने नळ बसवून सिमेंटने पक्का बुजवला असेल, तर तो आवाज करणारच.

आज रविवार आहे. भाडेकरूंच्या संमतीने चाचणी करावी. आधी फक्त गार पाण्याचा नळ पाच मिनिटे चालू ठेवावा, मग अर्धा तास थांबून फक्त गरम पाण्याचा. एकाने खाली घड्याळ घेऊन उभे राहावे, दुसऱ्याने वर ऐकावे.

कृष्णाकाठ | १४ डिसेंबर, दुपारी ४.३०

भाडेकरू खरोखरच औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतात. सर्व ऐकून ते इतके ओशाळले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली, कारण यात त्यांचा काहीच दोष नाही. त्यांनी आज सकाळी अंघोळ लांबणीवर टाकली आणि स्वतः खाली नळाशी उभे राहिले.

गार पाणी पाच मिनिटे : एकही ठोका नाही. गरम पाणी : नळ उघडल्यापासून ७० सेकंदांनी पहिला ठोका, त्यानंतरच्या सहा मिनिटांत एकूण १९. नळ बंद केल्यावर नऊ मिनिटे शांतता आणि मग विरळ असे ७ ठोके. आई पलंगावर बसून बोटांवर मोजत होती आणि तिची व माझी संख्या दोन्ही वेळा सारखीच आली. भाऊ फोनवर ऐकत होता. त्याने त्याच वेळी आईची माफी मागितली.

आता प्रश्न जागेचा. गवंडीकाका, भिंत नेमकी कुठे उघडावी हे कसे ठरवावे?

गवंडीकाका | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.००

ताई, फार नीट काम केलेत. आता पेन्सिलीने भिंतीवर एक-एक फुटाच्या चौकटी आखाव्यात. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक भिंतीला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून प्रत्येक चौकटीत ऐकावे. गॅरेजमधील कारागीर इंजिनातील दोष असाच शोधतात. डॉक्टरांची नळी मिळाली तर अधिक उत्तम. ठोक्याचा दणका हाडाला सर्वांत तीक्ष्ण जाणवेल ती चौकट जवळची. त्याबरोबर गरम पाणी सोडून दहा-पंधरा मिनिटांनी भिंतीवरून तळहात फिरवावा, म्हणजे कोमट पट्ट्यावरून नळाचा मार्ग कळेल. न्हाणीघराच्या बाजूनेही हेच करावे आणि स्लॅबला नळ भेदून जातो ती जागा विशेष लक्षपूर्वक तपासावी. नळ सर्वांत घट्ट आवळलेला असतो तो तेथेच.

कृष्णाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९.००

काल भिंत उघडली. आवाज पलंगाच्या उशाशी वाटत होता, पण स्क्रूड्रायव्हरने दाखवलेली जागा तेथून जवळपास पाच फूट दूर आणि छताला लागून, न्हाणीघराच्या दाराच्या वर निघाली. आम्ही अंदाजाने भिंत फोडली असती तर पलंगामागील सर्व गिलावा वाया गेला असता.

न्हाणीघराच्या बाजूने साधारण एक फूट रुंद आणि दीड फूट उंच एवढाच भाग उघडला. स्लॅबखाली जुन्या लोखंडी नळाचा वीतभर कापलेला तुकडा भिंतीत तसाच राहिला होता. नव्या नळाचा एल्बो (वळणाचा जोड) त्याला चिकटून बसला होता आणि भोवती सिमेंट ठासून भरलेले होते. कारागिराने विजेरीच्या प्रकाशात एल्बोजवळील नळ दाखवला. इतरत्र निस्तेज पिवळा असलेला नळ लोखंडाच्या कडेशी बोटाच्या पेरभर रुंदीत काचेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि खाली विटेवर चिमूटभर पांढरट भुकटी साचलेली होती. गरम पाणी सोडले. मी त्या जागी बोट टेकवून उभी राहिले आणि ठोक्याबरोबर नळ बोटाखाली सरकलेला मला जाणवला.

आईनेही स्टुलावर चढून बोट लावून पाहण्याचा हट्ट धरला. आम्ही दोघांनी तिला धरले. ठोका पडल्यावर ती एवढेच म्हणाली, "हाच तो."

दुरुस्तीबाबत आपला सल्ला हवा आहे. कारागिराचे म्हणणे आहे की नळाला मऊ प्लॅस्टिकची चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा बुजवावे.

निवृत्त जोडारी | २१ डिसेंबर, रात्री ९.४५

मऊ पीव्हीसीची चिकटपट्टी मुळीच वापरू नये. प्लॅस्टिक लवचिक राहावे म्हणून तिच्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात, ते सीपीव्हीसीला हानी पोहोचवते आणि कालांतराने नळाला तडे जाऊ शकतात. जो तुकडा घासला गेला आहे तो बदलून घ्यावा, कारण तेथे जाडी किती उरली आहे याचा भरवसा नाही. जुना लोखंडी तुकडा काढून टाकावा. स्लॅबमधून जाताना नळाभोवती मोठ्या व्यासाच्या टणक पीव्हीसी नळीचे अस्तर घालावे, म्हणजे आतला नळ मोकळा सरकेल. एल्बोच्या पुढे लांबीच्या दिशेने किमान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. क्लॅम्प नळाला धरून ठेवतील पण आवळणार नाहीत, एवढेच घट्ट करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बुजवण्यापूर्वी जोडांची दाबचाचणी करावी आणि गरम पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

गवंडीकाका | २२ डिसेंबर, सकाळी ७.३०

जोडारींशी पूर्ण सहमत आहे. उघडलेला भाग विटा-सिमेंटने कायमचा बंद करू नये. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसणारी, स्क्रूने उघडणारी झडप लावावी. आणि नळाचा मार्ग, मापे आणि छायाचित्रे घराच्या कागदपत्रांत ठेवावीत. हा नळ भिंतीतून कुठून जातो हे कोणालाही ठाऊक नसल्यामुळेच एवढा काळ शोध लांबला.

कृष्णाकाठ | ४ जानेवारी, रात्री ८.१५

शेवटची माहिती देते. काम २७ डिसेंबरला पूर्ण झाले. जोडारींनी सांगितल्याप्रमाणे नळाचा तुकडा बदलला, टणक नळीचे अस्तर घातले, लोखंड काढले आणि झडप बसवली. बुजवण्यापूर्वीच्या चाचणीत गरम पाणी दहा मिनिटे सोडले तेव्हा दोन अगदी मंद ठोके आले. ते खालच्या एका क्लॅम्पचे निघाले. तो सैल केल्यावर तेही थांबले. झडपेच्या आतल्या बाजूला नळाचा आराखडा चिकटवला आहे.

भाडेकरूंची या आठवड्यात पहिली पाळी होती, म्हणजे अंघोळ पहाटे साडेपाचला; उद्यापासून दुसरी पाळी, म्हणजे रात्री पावणेबाराला. आई २८ तारखेपासून आपल्या खोलीत झोपते. नव्या दिनदर्शिकेवर १ जानेवारीपासून दूध आणि सिलिंडर एवढ्याच नोंदी आहेत. आज दुपारी तिने मला खालच्या मजल्यावर तिळगुळाच्या वड्यांचा डबा देऊन पाठवले आणि रात्री अंघोळ निःशंकपणे करावी असा निरोपही दिला.